माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीला साडेतीन स्टार

जळगावात रिंग रोडच्या बाजूला आमचा दवाखाना आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ, सोबत एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोन समुपदेशक आणि काउंटरवर एक जण, असा पाच जणांचा संसार. जानेवारीत एक समुपदेशक लग्न करून पुण्याला गेली, सायकॉलॉजिस्टला नाशिकला नोकरी लागली आणि काउंटरवरच्या पोराने पोलीस भरतीच्या तयारीसाठी राजीनामा दिला. सगळं पंधरा दिवसांत. आजवर मी माणसं ओळखीतूनच घेत आले. पण ओळखीतून घेतलेल्या माणसाबरोबर त्याच्या ओळखीही आत येतात, आणि आमच्या कामात नेमकं तेच नको असतं. म्हणून या वेळी वैद्यकीय क्षेत्रात माणसं शोधून देणारी एजन्सी गाठली. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण झालेल्या चुकांपैकी काही त्यांच्या आहेत, काही माझ्या.

व्यवहार सरळ होता. निवड झाली की एका महिन्याच्या पगाराएवढी फी, वर १८ टक्के जीएसटी. तीन महिन्यांत माणूस टिकला नाही तर बदली माणूस फुकट. फोन उचलतात, बोलल्या दिवशी बायोडेटा पाठवतात. इथवर तक्रार नाही.

तक्रार सुरू होते त्यांच्या फॉर्मपासून. 'उमेदवार प्रेझेंटेबल हवा का', 'इंग्रजी फ्लुएंट हवं का', 'दिवसाला किती क्लायंट बघेल' यांना रकाने आहेत. अहिराणी येते का, याला नाही. तो मी पेनाने आखला. अमळनेर-चोपड्याकडची आजी "डोकामा मुंग्या चालतस" म्हणते, त्याचं कागदावर 'डोकेदुखी' झालं की निम्मा आजार दाराबाहेरच राहतो. क्लायंटच्या रकान्यात मी ५ लिहिले. पलीकडून विचारलं, "मॅडम, १५ लिहायचे होते का?"

पहिल्या आठवड्यात अकरा बायोडेटा आले. त्यातल्या चौघांच्या नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होतं आणि सगळ्यांवर एजन्सीचा 'पडताळणी पूर्ण' असा शिक्का. नवीन दवाखाना काढणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. मानसशास्त्रात एमए केलं म्हणजे माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं क्लिनिकल शिक्षण लागतं, आणि काम करायला परिषदेकडे नोंदणीही लागते. तो नोंदणी क्रमांक मागायचा आणि परिषदेच्या नोंदवहीत स्वतः बघायचा. मी बघितला तर चौघांपैकी दोघांची नोंदणीच नव्हती. एजन्सीची पडताळणी म्हणजे आधार कार्ड आणि मार्कशीट. नोंदणी असलेल्या दोघांना जळगाव म्हटल्यावर पुढचं बोलायचंच नव्हतं.

त्या नोंदणी नसलेल्यांपैकी एका मुलीला मी मुद्दाम बोलावलं, जाब विचारायला. ती शांतपणे म्हणाली, "आधीच्या ठिकाणी सरांनी कार्डावर तसं छापलं होतं, मीही पुढे तेच लिहीत गेले. चुकलंच." मग मी नेहमीचा प्रसंग करायला घेतला. मी पेशंटचं, एका शेतकऱ्याचं, सोंग घेते. कर्ज आहे, केळीच्या बागेत सीएमव्ही हा विषाणूचा रोग शिरलाय, झोप नाही. बोलता बोलता मध्येच म्हणते, "आता काही राहिलं नाही." आधीचे उमेदवार इथे धीर द्यायला धावले होते. "असं बोलू नये काका, सगळं ठीक होईल." ही मुलगी थांबली आणि तिने सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे शिकलेल्यांनाही तो प्रश्न तोंडातून काढता येत नाही. पुढे मी औषधांबद्दल एक अवघड प्रश्न टाकला, तर म्हणाली, "हे मला माहीत नाही, तुम्हाला विचारावं लागेल." तिथेच तिला घेतलं. समुपदेशक म्हणून, कार्डावर तेवढंच छापून, आणि दर शनिवारी तासभर केसवर चर्चा करायची या अटीवर.

काउंटरसाठी मात्र मी माझी अक्कल वापरली नाही. जागा छोटी म्हणून एजन्सीवर सोडली आणि तोंडावर पडले. त्यांनी हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलेला एक मुलगा दिला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. तिसऱ्या दिवशी भरल्या हॉलमध्ये त्याने एका पेशंटला पूर्ण नाव आणि गाव घेऊन हाक मारली. हॉटेलात यालाच अदब म्हणतात. बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या, त्यातला एक त्याच गावचा निघाला. तो पेशंट पुन्हा आला नाही. आमच्याकडे लोक शेजारच्या दाताच्या दवाखान्यासमोर गाडी लावून जिन्याने गुपचूप वर येतात, हे मी त्या पोराला सांगितलंच नव्हतं. एजन्सीनेही विचारलं नव्हतं. गुप्तता हा त्याच कायद्याने पेशंटला दिलेला हक्क आहे, कलम २३. पण दवाखान्यात तो पाळला जातो की नाही, ते काउंटरवर ठरतं.

मग एजन्सीच्या पाचोऱ्याच्या एका पोराला समोर बसवून तासभर सगळं समजावलं. त्याने आठ दिवसांनी भीतभीत एक बायोडेटा आणला. "मॅडम, यांना दवाखान्याचा अनुभव नाही, साडीच्या दुकानात वीस वर्षं होत्या." वय ४४, अमळनेरच्या, बारावी. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. फोन येतो, पलीकडून मावससासू विचारते, "आमची सून तुमच्याकडे येते ना?" काय सांगाल?

बहुतेक जण "नाही येत" म्हणतात आणि गुपित राखलं असं समजतात. पण एकाला 'नाही' म्हटलं की दुसऱ्याच्या वेळी गप्प बसणं म्हणजे 'हो' होतं. बाई म्हणाल्या, "दुकानात सासू यायची, सुनेने कितीची साडी नेली ते विचारायला. आम्ही म्हणायचो, कुणी काय नेलं ते आम्ही कुणालाच सांगत नाही. तुमचंही कुणी विचारलं तरी नाही सांगणार." मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. आता त्या टोकन नंबरने हाक मारतात. रडत आलेल्या बाईला "बठ ना माय" म्हणून पंख्याखाली बसवतात आणि दहा मिनिटं काही विचारत नाहीत.

बदली माणसाची फी लागली नाही, ठरल्याप्रमाणे. अर्धा स्टार त्या पाचोऱ्याच्या पोराचा. दीड स्टार कापला तो त्या शिक्क्यासाठी आणि फॉर्मसाठी. फॉर्म अजून तोच आहे, मी चौकशी केली.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा पाच महिने झाले तरी रिकामी आहे. एजन्सी म्हणते, जळगावला यायला कुणी तयार नाही, मे महिन्यातलं ऊन ऐकूनच फोन ठेवतात. पुण्या-मुंबईतून खानदेशात परत यायचं कुणाच्या मनात असेल तर कळवा. आरसीआय नोंदणी हवीच. अहिराणी येत नसली तरी चालेल, काउंटरवरच्या बाई शिकवतील.