इशिहाराचं ३८ तक्त्यांचं पुस्तक: लाल-हिरव्यासाठी पक्कं, बाकी बेताचं

रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायला लावणारं, जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारांचं १९१७ पासून चालत आलेलं हे पुस्तक शाळेतल्या रंगांधत्व तपासणीसाठी आजही घेण्यासारखं आहे. मात्र मूळ छापील प्रतच घ्या. झेरॉक्स, घरचा प्रिंट किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर ठिपक्यांच्या छटा बदलतात आणि चांगल्या नजरेचं पोरही नापास होतं.

तक्ता ७५ सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात धरा. दिवसाचा उजेड हवा, थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली हिरव्या बाजूचा दोष निसटू शकतो. चष्मा असेल तर लावूनच. उत्तराला ३ सेकंद. पहिल्या तक्त्यावरचा १२ सगळ्यांना दिसतो. तोच चुकला तर मुलाला आकडे येत नाहीत किंवा ते सोंग करतंय. दुसऱ्यावर ८ ऐवजी ३ किंवा चौथ्यावर २९ ऐवजी ७० वाचलं, तर संशय घ्या. १८ ते २१ वर उलटा प्रकार: चांगल्या नजरेला तिथे आकडा दिसतच नाही. पहिल्या २१ पैकी १७ किंवा जास्त बरोबर असतील तर ठीक, १३ किंवा कमी असतील तर दोष. मग २२ व्या तक्त्यावरच्या २६ मधला ठळक आकडा विचारा: ६ म्हणजे लाल बाजूचा दोष, २ म्हणजे हिरव्या.

निकाल वाचताना मुलगा की मुलगी, हे आधी बघा. डोळ्यातल्या लाल-हिरवा ओळखणाऱ्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे बिघाड झाकायला दुसरी प्रत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष सुमारे ८ टक्के, स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का. मुलगा नापास झाला तर दोष आईकडून आलेल्या एक्सवर. आई स्वतः मात्र बहुधा पास होते. मुलगी नापास झाली तर वडिलांनाही तपासा, कारण दोष जन्मजात असेल तर तिचे दोन्ही एक्स बिघडलेले असतात आणि त्यातला एक त्यांचाच. ते पास झाले तर मुलीचा एकेक डोळा झाकून पुन्हा तपासा आणि तरीही चुकली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. दृष्टिपटलाचा किंवा दृष्टिमज्जातंतूचा आजार असू शकतो.

उणिवा आहेतच. निळ्या-पिवळ्याचा दोष हे पुस्तक पकडत नाही (त्याचं जनुक ७ व्या गुणसूत्रावर आहे). दोष किती तीव्र, हेही नीट कळत नाही. २६ व्या तक्त्यापासूनच्या वळणदार रेघा बोटाने गिरवू देऊ नका, कोरडा ब्रश द्या. घामाने तक्ते डागाळतात. उन्हात रंग उडतो, म्हणून काम झालं की मिटून ठेवा. भरतीची मुलं उत्तरं पाठ करून येतात, तेव्हा तक्ते क्रम मोडून दाखवा.