रीस्टार्ट न करता बायोस सेटिंग बघायची असेल तर – एफडब्ल्यूअपडी वापरून झालेला रिव्ह्यू

बायोसमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्राममधली, एक सेटिंग बघायची म्हणून चालू मशीन बंद करणं मला कधीच पटलेलं नाही. मशीनवर रात्रभराचं काम लावलंय, किंवा मशीन विनामॉनिटर कोपऱ्यात चालू आहे, आणि आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवायची सोय) ऑन आहे की नाही, तर त्यासाठी सगळं थांबवा, मॉनिटर ओढत आणा, कीबोर्ड लावा, बायोसमध्ये शिरायला एफ टू दाबायचं की डिलीट ते आठवा, अर्ध्या सेकंदाने हुकलं की परत पहिल्यापासून. कोणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं, रीस्टार्ट कर आणि बघ.

तर गेले काही महिने मी एफडब्ल्यूअपडी या कामासाठी वापरतोय. बऱ्याच जणांना हे लिनक्सवर फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम, बायोस त्यातलाच) अपडेट करायचं टूल म्हणून माहिती असेल, रिचर्ड ह्यूजेस यांचा प्रोजेक्ट, बऱ्याच डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये) आधीच इन्स्टॉल असतं. पण 2022 मध्ये 1.8.4 व्हर्जनपासून त्यात बायोस सेटिंग वाचायची आणि बदलायची सोय आली, आणि ही गोष्ट फार कमी लोक वापरतात असं मला दिसतं. टर्मिनल उघडायचं, एफडब्ल्यूअपडीएमजीआर लिहून पुढे गेट-बायोस-सेटिंग, बस. सुरुवातीला सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारी कमांड) लावा, म्हणजे करंट व्हॅल्यू दिसण्यात अडचण येत नाही.

माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा खरंच आनंद झाला. अख्खी यादी समोर. प्रत्येक सेटिंगचं नाव, आत्ताची व्हॅल्यू, अजून कुठल्या व्हॅल्यू चालतील, रीड-ओन्ली आहे का, सगळं साध्या टेक्स्टमध्ये. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलीच सिस्टिम चालू होऊ देणं), वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करणं), व्हर्च्युअलायझेशन, मेनूत चार पातळ्या आत जाऊन शोधायला लागायच्या त्या गोष्टी इथे ग्रेपने (टेक्स्टमधून शब्द शोधणारी कमांड) एका ओळीत सापडतात. आणि जेसन (स्क्रिप्टला सहज वाचता येणारं स्वरूप) आउटपुट मिळतं हे तर माझ्यासाठी सगळ्यात मोठं, कारण बायोस अपडेट करायच्या आधी मी आता सगळ्या सेटिंगची फाइल काढून ठेवतो आणि अपडेट झाल्यावर परत काढून डिफ मारतो, म्हणजे दोन्हींतला फरक बघतो. मागच्या अपडेटनंतर दोन सेटिंग गुपचूप डिफॉल्टला गेलेल्या होत्या, स्क्रीनवर बघून माझ्या त्या कधीच लक्षात आल्या नसत्या.

आता हे चालतं कसं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की ते कुठे चालणार नाही हेही आपोआप कळतं. एफडब्ल्यूअपडी स्वतः बायोसमध्ये डोकावत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, फर्मवेअर-अ‍ॅट्रिब्यूट्स नावाचा क्लास आहे, सिस फोल्डरच्या आत क्लासमध्ये सापडेल, तिथे प्रत्येक सेटिंगचं एक फोल्डर आणि त्यात करंट-व्हॅल्यू, पॉसिबल-व्हॅल्यूज अशा छोट्या फायली असतात. त्या भरायचं काम त्या त्या कंपनीच्या मशीनसाठी लिहिलेला ड्रायव्हर करतो. डेलचा 5.11 कर्नलमध्ये आला, लेनोवोच्या थिंकपॅडवाला 5.14 मध्ये याच्याशी जोडला गेला, एचपीचा 6.6 मध्ये. म्हणजे तुमचं मशीन या कंपन्यांच्या ऑफिसवाल्या सिरीजमधलं असेल आणि कर्नल फार जुना नसेल तर चांगला चान्स आहे.

आणि तुम्ही सुटे पार्ट घेऊन मशीन बांधलं असेल, तर बहुतेक वेळा नाही. माझा डेस्कटॉप तसाच आहे, त्यावर हीच कमांड दिली तर या सिस्टिमवर फर्मवेअर सेटिंगचा सपोर्ट नाही एवढं एक वाक्य येतं आणि संपलं. मला याचं खूप वाईट वाटलं, कारण मॉनिटर नसलेलं मशीन नेमकं तेच. पण यात टूलचा दोष नाही. त्या बोर्डच्या फर्मवेअरने सेटिंग बाहेर दाखवायचा रस्ताच ठेवलेला नाही. ईएफआय व्हेरिएबल्समध्ये (फर्मवेअर स्वतःची माहिती साठवतं ती जागा, लिनक्समध्ये फायलींसारखी दिसते) बऱ्याचदा सेटअप नावाची एक फाइल दिसते आणि सेटिंग त्यातच असतात, पण ती नुसती बाइट्सची रांग, कुठला बाइट कशाचा हे बोर्डागणिक आणि बायोस व्हर्जनगणिक बदलतं. कृपया त्या फायलीत हात घालू नका. या फायली पुसल्याने काही मशीन कायमची बंद पडली होती, म्हणून 2016 मध्ये 4.5 कर्नलपासून बहुतेक व्हेरिएबल्स डिफॉल्टने लॉक करून ठेवलेली असतात, ते लॉक तुमच्या भल्यासाठी आहे.

मग अशा मशीनवर काय करायचं? सेटिंग थेट दिसत नसली तरी तिचा परिणाम दिसतो, आणि खरं तर बऱ्याचदा आपल्याला परिणामच हवा असतो. व्हर्च्युअलायझेशनसाठी डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशनची सोय) शोधा, बंद असेल तर स्पष्ट लिहिलेलं येतं की बायोसने डिसेबल केलंय. सिक्युअर बूटसाठी मोकयुटिल या कमांडला एसबी-स्टेट विचारा. बूट ऑर्डर ईएफआयबूटएमजीआर दाखवतं. मशीन यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मोडमध्ये चालू झालंय की जुन्या लेगसीमध्ये हे बघायचं असेल, तर सिसच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे का एवढंच बघायचं.

रॅमचं मात्र जरूर बघा, कारण इथे लोक नकळत वर्षानुवर्षं नुकसान करून घेतात. डीएमआयडीकोड या कमांडला टाइप 17 सांगितलं की प्रत्येक स्लॉटची माहिती येते, त्यात कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड नावाची ओळ असते. माझ्या रॅमवर 3200 छापलंय आणि ती ओळ 2133 सांगत होती, म्हणजे एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवायची बायोस सेटिंग) कधी ऑनच केलेलं नव्हतं. मशीन बांधल्यापासून रॅम हळू चालत होती आणि पत्ता नाही! फक्त एक ध्यानात असू द्या, डीएमआयडीकोड सेटिंग वाचत नाही, फर्मवेअरने स्वतःबद्दल जो तक्ता लिहून ठेवलाय तो वाचतं, आणि तो तक्ता बरेचदा अर्धवट किंवा चक्क चुकीचा असतो हे त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. बायोस व्हर्जन, तारीख यासाठी उत्तम, पण एखादी गोष्ट नक्की करायची असेल तर दुसऱ्या टूलने पडताळून घ्या.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात, एमएसइन्फो32 उघडलं की बायोस मोड आणि सिक्युअर बूट दोन्ही पहिल्याच पानावर, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन.

परत एफडब्ल्यूअपडीकडे. सेट-बायोस-सेटिंगने व्हॅल्यू बदलताही येते, मी दोनदाच वापरलंय आणि दोन्ही वेळा नीट झालं, पण बदल रीबूटनंतरच लागू होतो हे विसरू नका, नाहीतर यादीत एक आणि मशीन चालतंय दुसऱ्याच पद्धतीने असा घोळ होतो. दूरच्या मशीनवर बूटशी संबंधित काही बदलू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन, मशीन वर आलंच नाही तर तुम्ही तिथे नसता. अजून एक सिक्युरिटी नावाची कमांड आहे, ती सिक्युअर बूट, टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), फर्मवेअर चिपचं राइट प्रोटेक्शन असं सगळं तपासून एचएसआय नावाची, सुरक्षेची 0 पासूनची पातळी देते. पातळीच्या आकड्यामागे लागू नका, खालची यादी वाचा, त्यात कुठली गोष्ट बंद आहे ते कळतं आणि त्यातल्या काही तुमच्या हातात असतात.

तक्रार एकच, सेटिंगची नावं कंपनीने दिली तशीच येतात. एकीकडे एक नाव, दुसरीकडे त्याच गोष्टीला वेगळं, कुठे इनेबल कुठे इनेबल्ड, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मशीनसाठी एकच स्क्रिप्ट लिहायला गेलात तर डोकं पिकतं. वर्णन पण बऱ्याच ठिकाणी म्हणजे नावच परत लिहिलेलं.

सपोर्ट असलेल्या मशीनवर मी याला पाचपैकी साडेचार देईन. नवीन लॅपटॉप घेणार असाल आणि ही गोष्ट तुमच्या कामाची असेल, तर एखादी ताज्या कर्नलची लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवता येतं असा पेनड्राइव्ह) बरोबर न्या, दुकानदार हो म्हणाला तर बूट करून फर्मवेअर-अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फोल्डरमध्ये काही आहे का बघा. माझा पुढचा डेस्कटॉप मी हे बघितल्याशिवाय घेणार नाही. जुन्यावर सध्या एवढं केलंय की एकदाच मॉनिटर लावून सगळ्या मेनूचे फोटो काढले आणि त्याच मशीनवर एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवले, आणि आत शिरायला सिस्टमसीटीएल रीबूटला फर्मवेअर-सेटअप हा ऑप्शन जोडला, मशीन सरळ बायोसमध्येच उघडलं, एकही बटण दाबावं लागलं नाही.