सेंटिनेल-२ची मोफत उपग्रह चित्रं: रोज वापरणाऱ्या शिक्षिकेचा अभिप्राय

मी भूगोल शिकवते. सुदूर संवेदनात, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्यात, उमेदवारी केली तेव्हा एकेक चित्र विकत घ्यावं लागे. २००८ साली लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांचा साठा सगळ्यांना खुला झाला, २०१५ मध्ये युरोपचा पहिला सेंटिनेल-२ उपग्रह आकाशात गेला, आणि आता तोच माझा रोजचा सोबती. १३ पट्टे, म्हणजे प्रकाशाचे १३ वेगवेगळे भाग टिपतो; त्यातले चार १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरही ५ दिवसांत पुन्हा त्याच जागी. प्रबंधाला बसणाऱ्यांना मी डोळे झाकून हाच सुचवते.

ढग आले की मात्र हात टेकावे लागतात. आणि १० मीटरचा ठिपका फसवतो. एके ठिकाणी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, पट्ट्याच्या चित्रात लालभडक दिसलं, म्हणजे दाट वनस्पती; मी गवताळ जमीन अशी नोंद केली. मग आमच्या नागरिक विज्ञान गटातल्या, म्हणजे सामान्य लोक निरीक्षणं पाठवतात त्या गटातल्या, एका शाळकरी मुलीने काठावरून फोटो पाठवला: तळंच ते, वर गच्च जलपर्णी, मधोमध अडकलेली होडी! केवढा आनंद झाला मला. नोंद त्याच रात्री दुरुस्त केली.

फोटो मागवताना तारीख आणि अक्षांश-रेखांश आवर्जून मागा. आमचे पहिले शंभरेक फोटो त्यावाचून वाया गेले.