मेडिक्लेम: सोळा महिने, दोन क्लेम आणि एक चिठ्ठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिस्टरांनी नाशिकमधली सातपूरची नोकरी सोडली आणि अंबडला स्वतःचं जॉबवर्कचं युनिट टाकलं. शेवटच्या पगाराबरोबर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही गेला. (ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीची वर्षं वेटिंग पिरियडमध्ये (काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ) धरली जातात, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. नोकरी सोडणार असाल तर राजीनाम्याआधी एचआरला एवढं विचारून घ्या.) मग घाईघाईत दोन पॉलिसी घेतल्या. आम्हा तिघांची दहा लाखांची फ्लोटर (तिघांत मिळून एकच रक्कम), आणि सासूबाईंची पाच लाखांची वेगळी. त्यांचं वय तेव्हा ६७. फ्लोटरचा हप्ता २४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. आईंचा ३१,५०० अधिक जीएसटी, ३७,१७०. वर प्रत्येक क्लेममध्ये २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपल्या खिशातून. कंपनीचं नाव लिहीत नाही, ते कळून तुमचं फारसं काही अडणार नाही.

आता फॉर्मची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. एजंट ओळखीतला. सिडकोतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर टॅब ठेवून बसला. आजारांचे प्रश्न आले तसं त्याचं बोट ‘नाही, नाही, नाही’ करत खाली सरकत गेलं. मी म्हटलं, “दादा, थांबा, आईंना बीपीची गोळी चालू आहे.” तो म्हणाला, “ताई, कशाला लिहिता? हप्ता वाढेल, परत मेडिकल लागेल. पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही. ओटीपी सांगा फक्त.” तो ज्या नियमाच्या भरवशावर बोलत होता तो खरा आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पण त्या पहिल्या पाच वर्षांत आजारी पडणार नाही असं आईंकडून लिहून कोण घेणार होतं? मी ओटीपी दिला नाही. टॅब परत वर सरकवायला लावला आणि ‘उच्च रक्तदाब, २०१८ पासून’ असं भरून घेतलं. २०१८ हे साल मी मनाने सांगितलं नाही, आमच्या फॅमिली डॉक्टरांचा पहिला कागद डब्यात होता. हप्ता वाढला. तीन वर्षं बीपीशी संबंधित उपचार मिळणार नाहीत असंही आलं. तीन वर्षं ही आता कमाल मर्यादा आहे, एप्रिल २०२४ च्या आधी ती चार होती.

पॉलिसीची पीडीएफ आल्यावर तीस दिवसांचा फ्री लुक असतो, पटली नाही तर परत करता येते. त्यात मी एकच काम केलं: पीडीएफच्या शेवटी जोडलेली फॉर्मची प्रत काढून वाचली. बीपीची ओळ जागेवर होती. माहितीपत्रक मराठीत मागता येतं म्हणून मेल टाकला. बारा दिवसांनी आलं. मराठी असं की समजायला इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी लागली.

पहिला क्लेम मुलाचा, ऑगस्ट २०२५ मध्ये डेंग्यू. मुंबई नाक्याजवळचं नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं हॉस्पिटल, चार दिवस, बिल ६८,४००. कॅशलेसची (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते ती सोय) पहिली मंजुरी पन्नास मिनिटांत आली. एका तासात उत्तर द्यायचं असा २०२४ पासूनचा नियम आहे, तो इथे पाळला गेला. डिस्चार्जला मात्र पूर्ण दिवस गेला. डॉक्टर सकाळी दहाला “घरी जा” म्हणाले, आम्ही सुटलो संध्याकाळी पाचला. नियमात डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास दिलेत, पण ते हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यापासून मोजतात. आमची फाईल बिलिंगच्या काउंटरवर दीडपर्यंत पडून होती. दोनदा जाऊन उभी राहिले तेव्हा गेली. मंजुरी चार वाजून दहा मिनिटांनी आली, म्हणजे कंपनीने तिचे तीन तास पाळले. खिशातून ६,१८० गेले: ग्लोव्ह्ज, मास्क, रजिस्ट्रेशन, फाईल चार्ज. हे ‘नॉन-पेएबल’, म्हणजे कंपनी देत नाही ते खर्च. त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर मिळतं, ते आम्ही पैसे वाचवायला घेतलं नव्हतं.

दुसरा क्लेम आईंचा. त्रिपुरारी पौर्णिमेला रामकुंडावर दिवा सोडायला गेल्या आणि ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवायचं ऑपरेशन लागलं. रिक्षावाल्याने जवळच्या हॉस्पिटलला नेलं, ते नेटवर्कमध्ये नव्हतं. नेटवर्कबाहेरही कॅशलेस मिळावं म्हणून जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीवेअर’ आहे. काउंटरवरच्या मुलाने ते नाव त्या रात्री माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. म्हणून आधी आपण भरायचे, मग मागायचे.

खोलीवरून मात्र मी आईंशी भांडले. त्यांना सिंगल हवी होती, ६,५०० रोज. त्यांच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,०००. लोकांना वाटतं वरचे दीड हजार आपण भरले की झालं. तसं नसतं. खोली मर्यादेबाहेर गेली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर सगळ्याचं बिल त्याच प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या आणि प्लेट-स्क्रू तेवढे यातून सुटतात. ८०,००० च्या फीवर ही कात्री साडेअठरा हजारांच्या आसपास गेली असती. आम्ही ३,८०० ची दोन खाटांची खोली घेतली. शेजारच्या आजी निफाडच्या होत्या, दुसऱ्या दिवशी दोघींची इतकी गट्टी जमली की सिंगलचा विषय आईंनी स्वतःच सोडला.

बिल १,१८,००० झालं. कागद पाठवायला आठवडा गेला. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, कॅन्सल्ड चेक, पडल्याचा हकीकतवजा अर्ज, आणि प्लेटच्या पाकिटावरचा स्टिकर. हा स्टिकर ऑपरेशन थिएटरमधून मागून घ्यावा लागतो. तो केसपेपरवर चिकटवतात, आपल्याकडे राहत नाही. सतरा नोव्हेंबरला सगळं गेलं आणि सत्तावीसला टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी आली: रुग्णाला दहा वर्षांपासून रक्तदाब असल्याची नोंद आहे, फॉर्ममध्ये २०१८ दिसते, खुलासा करावा.

मोडलं मनगट आणि विचारतायत बीपी. पण त्यांना मनगटाशी देणंघेणं नव्हतं, फॉर्ममध्ये खोटं लिहिलं का तेवढं बघायचं होतं.

दहा वर्षं आली कुठून? भरतीचा केसपेपर काढून बघितला. रात्री अकराला आरएमओने, म्हणजे हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरने, पंचविशीतला पोरगा, आईंना विचारलं होतं, “आजी, बीपी किती वर्षं?” आईंचा हात दुखत होता. त्या म्हणाल्या, “असेल की दहा वर्षं.” त्याने लिहून टाकलं. मी त्याच वेळी औषधाच्या काउंटरवर उभी होते. आईंच्या बोलण्यात दहा वर्षं म्हणजे बरेच दिवस. मिक्सरलासुद्धा त्या दहा वर्षं झाली म्हणतात, तो २०२१ चा आहे.

फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी २०१८ चा कागद बघून लेटरहेडवर लिहून दिलं की निदान त्या साली त्यांनीच केलं. तो कागद, जुनं प्रिस्क्रिप्शन आणि फॉर्मची प्रत दोन डिसेंबरला पाठवली. एकोणीसला पैसे खात्यात. १,१८,००० मधून ५,५०० नॉन-पेएबल, उरलेल्या १,१२,५०० वर २० टक्के को-पे २२,५००, हातात ९०,०००. एजंटच्या सांगण्यावरून बीपी लिहिलंच नसतं तर त्या क्वेरीला मी काय उत्तर दिलं असतं, हा विचार त्या महिन्यात रोज रात्री यायचा. एजंटला फोन केला होता. तो म्हणाला, “ताई, क्लेमचं डिपार्टमेंट वेगळं असतं.”

मधल्या काळात ऑक्टोबरमध्ये नूतनीकरण झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे आमचा मूळ हप्ता २६,९०० झाला (मिस्टर नव्या वयोगटात गेले) तरी मागच्या वर्षीपेक्षा भरायला कमीच लागले. आईंचा ३१,५०० चा ३४,३०० झाला. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी बोलायचं, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. वाढ बरोबर त्या रेषेच्या आत बसवलेली. कंपनी बदलायचाही विचार केला, पण पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो आणि ती तारीख मुलाच्या डेंग्यूत निघून गेली होती.

एवढं करून पॉलिसी बरी की वाईट? फ्लोटर बरी, ठेवणार. आईंची महाग आहे आणि को-पे टोचतो. त्यांना सत्तरी गाठायला अजून वर्षभराहून जास्त आहे. मग सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळेल. खासगी पॉलिसी असली तरी चालतं, तेव्हा ही कमी रकमेची करता येईल का बघू.

सध्या प्रश्न मोतीबिंदूचा आहे. त्याला दोन वर्षांचं वेटिंग, म्हणजे ऑक्टोबर २०२६. डॉक्टर म्हणाले थांबता येईल, म्हणून थांबलोय. मागच्या आठवड्यात गंगापूर रोडला तपासणीला गेलो होतो. नर्सने विचारलं, “आजी, बीपी, शुगर?” आईंनी काही न बोलता आपली पर्स उघडली आणि मी चष्म्याच्या घरात ठेवून दिलेली चिठ्ठी काढून नर्सच्या हातात दिली: ‘बीपी २०१८ पासून. शुगर नाही.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता तरी बरोबर ना गं?”