आजी आणि लहान मूल सोबत असेल तर: लालबाग की गिरगाव?

गणपती जवळ आले की ऑफिसात नाहीतर नात्यात कुणीतरी विचारतंच, "पोरांना गणपती दाखवायचेत, लालबागला नेऊ की गिरगावला?" आम्ही लालबागला तीनदा गेलोय आणि गिरगावला दोनदा. आम्ही म्हणजे मी, बायको, सात वर्षांची लेक आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई. खाली जे लिहितोय ते या चौघांच्या हिशेबाने. कॉलेजातली पोरं रात्र जागवायला निघाली असतील तर त्यांना मी बिनदिक्कत लालबाग सांगेन.

पोचायला लालबाग सोपं, निदान आमच्यासारख्या डोंबिवलीकरांना. स्लो लोकल पकडायची, चिंचपोकळीला उतरायचं, की चिंतामणी गणपती हाकेच्या अंतरावर. तिथून तेजुकाया, गणेशगल्ली, लालबागचा राजा, सगळी मंडळं पायी. गिरगावला जायचं तर दादरला गाडी बदलून चर्नी रोड गाठावं लागतं, आणि दादरचा तो जिना आईला घेऊन चढणं म्हणजे निम्मी शक्ती तिथेच खर्च. आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक झालंय, तेव्हा पश्चिम उपनगरातल्यांचं काम बरंच हलकं झालं असावं.

डोळे दिपवायचे असतील तर लालबागला तोड नाही. चिंतामणीचं मंडळ १९२० चं, गणेशगल्लीचं १९२८ चं, राजाचं १९३४ चं. राजाची मूर्ती कांबळी कुटुंब घडवतं आणि दरवर्षी तीच ऐटदार बैठक, तोच चेहरा असतो. चिंतामणीचं रूप मात्र वर्षागणिक बदलतं, त्यामुळे यंदा कसा असेल याची उत्सुकता राहते. गणेशगल्लीत कुठल्या ना कुठल्या देवळाची प्रतिकृती उभी करतात. लेक तिथले खांब अजून आठवून सांगते.

मग अडलं कुठे? थांबायला मिळत नाही, इथे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथल्याच एका मोठ्या मंडळाच्या रांगेत आम्ही पावसात तीन तास होतो. लेकीने वाटेत दोन झोपा काढल्या, आईने एक बिस्किटाचा पुडा संपवला, कुणाची तक्रार नव्हती. शेवटी समोर पोचलो. लेकीला खांद्यावर घेतलं. ती मुकुटापासून खाली बघत बघत येत होती, हातातल्या मोदकापर्यंत आली असेल, तेवढ्यात "चला चला, पुढे चला, मागे गर्दी आहे" आणि पाठीवर हात. दहा पावलांत आम्ही बाहेर. आईचा एक हात सुनेच्या खांद्यावर होता, तो काढून दोन्ही हात जोडेपर्यंत मूर्ती मागे गेली होती. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, उंदीर बघायचा राहिला."

कार्यकर्त्यांना दोष देत नाही. मागे एवढी रांग असताना त्यांनी तरी काय करायचं, तीही पोरं दिवसरात्र उभीच असतात. पण मुलांना मूर्ती दाखवायला न्यायचं आणि ती बघू द्यायची नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. पुढच्या वर्षी आम्ही गिरगावला गेलो ते एवढ्याच कारणाने.

सकाळी साडेनऊला केशवजी नाईक चाळीत पोचलो. १८९३ पासूनचा हा गणपती, मुंबईतला पहिला सार्वजनिक म्हणून ओळखला जातो. मूर्ती शाडूची आणि लहानशी, आपल्या घरात बसते तशी. विसर्जनालाही तो पालखीतून जातो. चाळीतल्या एका आजींनी न सांगता आईसाठी खुर्ची आणून ठेवली. आई समोर बसून अथर्वशीर्ष म्हणाली, अख्खं. लेक तेवढा वेळ मूर्तीच्या अगदी समोर उभी. तिने बोटांवरची नखं मोजली. पितांबराच्या एका चुणीत रंग पातळ झाला होता आणि खालचा राखाडी शाडू दिसत होता, तो तिने मला दाखवला. "ही माती पावसात विरघळणार नाही?" मग शाडू भाजत नाहीत, नुसता वाळवतात, म्हणून तो पाण्यात सुटतो, हे सगळं तिथेच बोलून झालं. उंदीरही सापडला.

हे ऐकल्यावर मुलांना निकदवरी लेनमधल्या गिरगावच्या राजासमोर उभं करा. तोही शाडूचाच, पण वीस फुटांच्या वर. शाडू जड आणि ठिसूळ, त्यात एवढी उंची गाठणं सोपं नाही, हे चाळीतली छोटी मूर्ती बघून आलेल्या मुलाला बरोबर कळतं. आमची लेक मान वर करून बराच वेळ गप्प होती.

भव्यपणाची हौस उरलीच असेल तर खेतवाडी आहे. तिथे गल्ल्यांना नंबर आहेत आणि गल्लीगणिक मूर्ती. बाराव्या गल्लीतला गणराज सगळ्यांत गाजलेला. मात्र खेतवाडीत संध्याकाळी गेलात तर गर्दी लालबागची आठवण करून देईल. आम्ही दुपारी एकच्या आत आटोपलं. मध्ये पणशीकरांकडे पियूष झालं. खोताची वाडी वाटेवरच आहे, तिथली लाकडी घरं बघायला आईला पाय दुखत असतानाही उत्साह होता.

गिरगावात सगळंच बरं आहे असं नाही. ठिकाणं विखुरलेली आहेत, चालणं जास्त होतं, आणि डोळे विस्फारावेत असे देखावे फारसे नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कदाचित लालबागच जास्त आवडेल. ज्याचा नवस आहे त्यालाही मी दुसरीकडे पाठवणार नाही. तुम्ही लालबागच ठरवलं तर शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन दिवस टाळा, पहाटे पोचा, आणि राजाच्या नवसाच्या रांगेऐवजी मुखदर्शनाची रांग धरा. चिंतामणी मात्र चुकवू नका.

पण आजी आणि लहान मूल दोघंही सोबत असतील, आणि एकच दिवस हातात असेल, तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसातला एखादा कामाचा वार बघून सुट्टी टाका आणि सकाळी गिरगावला जा. आधी चाळ, मग निकदवरी, शेवटी खेतवाडी. चपला सतत काढाव्या लागतात, तेव्हा बंदाचे बूट घालू नका. आमचं यंदाचं ठरलंय. लेकीने वहीसोबत घ्यायला पेन्सिल आधीच दप्तरातून काढून ठेवली आहे, उंदराचं चित्र तिथेच बसून काढणार म्हणते.