लाल माउंटिंग, आत काळं रबर

घरी किट कार बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्या माणसानं मला इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन आणि चासी यांच्यामधले रबरी आधार, फसवून विकली तो अजून विकतोय, आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखीच माणसं. कंपनीच्या गाडीला पार्ट नंबर सांगितला की काम होतं. आपल्या गाडीला तो नसतोच. चासी एकीकडची, इंजिन दुसरीकडचं, गिअरबॉक्स तिसरीकडचा आणि ब्रॅकेट आपण स्वतः वेल्ड केलेले. अशा वेळी "तुमच्या इंजिनाला साजेसं मी देतो" म्हणणारा भेटला की जीव भांड्यात पडतो.

माझाही पडला. त्यानं वजन विचारलं, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) विचारला, दोन ब्रॅकेटमधलं अंतर विचारलं. मग ठामपणे सांगितलं, ८० शोअरचं पॉलियुरेथेन घ्या. शोअर हे रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं कडक; पॉलियुरेथेन म्हणजे रबरासारखंच कृत्रिम मटेरियल. हार्डनेसचं प्रमाणपत्र पाठवलं आणि मधोमध कापलेल्या माउंटिंगचा एक फोटोही. त्यात दोन लोखंडी भाग एकमेकांत अडकलेले होते आणि मधल्या फटीत लाल पॉलियुरेथेन. म्हणजे मटेरियल फाटलं तरी इंजिन जागा सोडणार नाही. त्या फोटोच्या भरवशावर मी सगळे पैसे आधीच देऊन टाकले.

तिन्ही माउंटिंग आली, ब्रॅकेटवर बसली. इंजिन सुरू केलं तर गाडी इतकी शांत की मला आनंद झाला. खरं तर तिथेच खटकायला हवं होतं. एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा वर-खाली हादरा बसतो. ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ वेळा. कारखान्यातून येणारी रबरी माउंटिंग बहुधा ४५ ते ६५ शोअरची असतात, म्हणून ते हादरे चासीपर्यंत फारसे पोचत नाहीत. खऱ्या ८० शोअरवर स्टिअरिंग, आरसा, सीट सगळं थरथरलं असतं. माझा आरसा स्थिर होता, आणि मी त्याचं श्रेय माझ्या वेल्डिंगला दिलं.

काही आठवड्यांनी क्लच सोडताना धप्प असा आवाज येऊ लागला. विचारलं तर म्हणाला, "नवीन आहे, बसतंय अजून." मग एका चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर दिला आणि इंजिन डाव्या बाजूनं उचललं गेलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल मी आखूड ठेवली होती. ती ताणली गेली, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडला. पाय पेडलवरून काढला तरी गाडी पुढे ओढतच होती. किल्ली बंद केली म्हणून वाचलो. समोर कुणी नव्हतं.

हे असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी याच जागी लपते. इंजिन लांबीत बसवलेलं असलं की गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क माउंटिंगवर उलटा येतो. माझं इंजिन १४० न्यूटन मीटरचं, पहिला गिअर ३.६. म्हणजे सुमारे ५०० न्यूटन मीटर. दोन माउंटिंगमध्ये अर्धा मीटर अंतर, म्हणजे एका बाजूला जवळजवळ १०० किलो वजनाइतका दाब आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ. नेहमीच्या दिशेनं फिरणाऱ्या इंजिनात ही ओढ डाव्या बाजूला येते. गाडी उभी असताना मात्र वजनामुळे सगळी माउंटिंग दाबलेलीच असतात, आणि दाबाखाली नुसतं चिकटवलेलं रबरसुद्धा छान टिकतं. म्हणून गॅरेजमध्ये कितीही वेळ इंजिन चालवून बघा, काही कळत नाही.

हा धोका नवा नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला याच दोषासाठी सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, बहुतेक शेव्हरोले. माउंटिंग सुटून इंजिन उचललं जाई आणि थ्रॉटल उघडा राही. उपाय म्हणून इंजिनाला अडवणारी केबल बसवली गेली. मी हे वाचलेलं होतं. म्हणूनच मला तो अडकवलेला लोखंडी भाग हवा होता.

डावं माउंटिंग काढलं तर रबर एकीकडे, प्लेट दुसरीकडे. प्लेट अगदी स्वच्छ, वर गोंदाचा चकचकीत पापुद्रा. साच्यात धातूसकट व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे उष्णतेनं पक्कं करून धातूला जोडलेलं रबर असं सुटत नाही. ते रबरातच फाटतं आणि धातूवर रबराचा थर मागे राहतो. पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं तर फडकं लाल झालं. खाली काळं रबर. पॉलियुरेथेनचा रंग आरपार असतो, पुसून जात नाही. मित्राच्या हार्डनेस मीटरवर काटा ५५ च्या आसपास थांबला. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग हॅकसॉनं कापलं. आत अडकवलेलं काहीच नव्हतं.

फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की ब्रॅकेट तिरके असतील. मग, जवळ वेल्डिंग केलं असेल. शेवटी म्हणाला, घरी बांधलेल्या गाडीला गॅरंटी लागूच होत नाही. हे त्याला पहिल्या दिवशी माहीत होतं. गाडी घरी बांधतोय हे मीच सांगितलं होतं. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता माझ्याकडे आरपार बोल्ट असलेली माउंटिंग आहेत. लोखंडी कवचात बुश (नळीसारखा लवचीक तुकडा) आणि त्यातून बोल्ट, म्हणजे बुश संपला तरी बोल्ट कवचाबाहेर जात नाही, आणि हे सगळं बाहेरून डोळ्यांनी दिसतं. शिवाय डाव्या बाजूला इंजिनापासून चासीपर्यंत एक साखळी लावली आहे, थोडी सैल, नाहीतर हादरे तिच्यातून आत येतात. केबलही पुरेशी लांब घेतली. कुणाला शंका असेल तर माल हातात आल्यावर बसवण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडनं ओरखडा काढा, आणि रबर व प्लेटच्या सांध्यावर रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघा.

त्याचा तो कापलेला फोटो अजूनही फिरतो आहे. त्यातल्या खालच्या प्लेटला चार भोकं आहेत. मला आलेल्या प्लेटना दोनच होती.