बंदिश न तोडणारा प्लेअर

फोन खिशात असताना केवळ गाणी ऐकण्यासाठी वेगळे यंत्र कशाला घ्यावे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यांच्या घरी शास्त्रीय संगीताच्या सीडी कपाटभर आहेत आणि त्या वाजवण्याची सोय उरलेली नाही, त्यांना मेमरी कार्ड घेणारा आणि फ्लॅक (आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणारे स्वरूप) फाइल वाजवणारा छोटा प्लेअर खरोखर उपयोगी पडतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाच हजार रुपयांच्या आत मिळालेला असा एक प्लेअर मी गेले काही महिने रोज वापरतो आहे. अशी यंत्रे नावे बदलून विकली जातात, म्हणून येथे नावाऐवजी गुणदोषांविषयीच लिहितो.

सीडीवरच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची मोजमापे, असतात आणि तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. फ्लॅकमध्ये तीच मैफल साधारण निम्म्या जागेत मावते आणि एकही नमुना गमावला जात नाही. शिवाय मूळ आवाजाची एमडी-५ खूणगाठ (आवाजावरून गणिताने काढलेली ओळखसंख्या) फाइलमध्येच साठवलेली असल्याने, कित्येक वर्षांनीही प्रत शाबूत आहे की नाही हे संगणकावर तपासता येते. २००१ साली आलेले हे स्वरूप कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही आणि डिसेंबर २०२४मध्ये त्याचे तपशील आरएफसी ९६३९ या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजात प्रसिद्ध झाले आहेत. एमपीथ्रीवरची पेटंटे संपली असल्याने तेही आता मोकळेच आहे, पण कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी माहिती साठवल्यास) त्यात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकारदार नाद, बोथट होते, आणि ख्यालगायकीच्या श्रोत्याला ते खटकल्यावाचून राहत नाही.

या प्लेअरची खरी परीक्षा मी विलंबित आणि द्रुत यांच्या सांध्यावर घेतली. मैफलीच्या सीडीत बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि छोटा ख्याल पुढच्या ट्रॅकवर असतो, मात्र तानपुरे मध्ये थांबलेले नसतात. एमपीथ्रीची प्रत्येक चौकट ११५२ नमुन्यांची असल्यामुळे फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते, आणि वाजवणाऱ्या यंत्राने ती गाळली नाही तर समेवर येणारा आवाज क्षणभर तुटतो. या यंत्रात एमपीथ्रीच्या बाबतीत तसे घडते. फ्लॅकमध्ये मात्र सांधा अजिबात जाणवत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी बाकीच्या उणिवा सोसायला तयार आहे.

त्या उणिवा लहान नाहीत. फ्लॅक फाइलमधील गाण्याविषयीची माहिती यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीतच लिहायची असते, त्यामुळे राग, ताल आणि कलाकारांची नावे मी निश्चिंतपणे देवनागरीत भरली. प्लेअरने ती वाचली, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेण्याचे काम त्याला जमत नाही आणि जोडाक्षरांचे पाय मोडून तो ती सुटी दाखवतो. संगीताच्या यंत्रावर ‘बिहाग’ नीट वाचता येऊ नये, हे मला फार लागते. दोष फाइलचा नाही, कारण त्याच फाइली संगणकावर निर्दोष दिसतात.

दुसरी उणीव ओपसची. व्हॉट्सॲपवर येणारे आवाजी संदेश याच मुक्त स्वरूपात असतात, आणि गाणे शिकणाऱ्या अनेकांना गुरूंकडून पलटे आणि बंदिशी आता याच वाटेने मिळतात. २०१२पासून प्रमाणित असलेले हे स्वरूप प्लेअर ओळखतच नाही, म्हणून रियाझासाठी ते संदेश आधी संगणकावर बदलून घ्यावे लागतात.

जोडणीत मात्र काही तक्रार नाही. लिनक्सवर तो साध्या पेनड्राइव्हप्रमाणे उघडतो, कोणतेही ॲप किंवा खाते मागत नाही. आवाज स्वच्छ आहे, बटणे चालत्या बसमध्येही न बघता दाबता येतात, आणि बॅटरी दिवसभर सहज पुरते.

खरेदीला जाताना आपले कार्ड सोबत न्यावे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे सहसा एक्सफॅट या फाइल-मांडणीत येतात आणि काही स्वस्त यंत्रे केवळ फॅट-३२ ही जुनी मांडणी वाचतात. त्या कार्डावर सलग दोन ट्रॅकची एक मैफल, देवनागरी नावांची एक फाइल आणि एक ओपस संदेश ठेवावा, आणि पैसे देण्यापूर्वी तिन्ही काउंटरवरच वाजवून पाहावेत.